जिन्याच्या चतुःसीमा

माझ्या भावाच्या वकिलांनी एका सॉफ्टवेअरचं हक्कसोडपत्र तयार केलं, आणि त्यात त्या सॉफ्टवेअरच्या चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस मूळ प्रोग्राम, पश्चिमेस वापरणारा इसम, उत्तरेस इंटरनेट आणि दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. रस्ता कुठला, असं मी विचारलं. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, रस्ता नसला तर मालमत्तेला भाव येत नाही."

सॉफ्टवेअर माझं होतं. म्हणजे माझं होतं की नव्हतं यावरूनच पुढचं सगळं रामायण झालं, पण निदान तेव्हा तरी सगळे मला त्याची मालकीण समजत होते, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

मी ड्रॉइंग काढते. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर माझी खोली आहे. आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर, कधीकधी सोसायटीचे अति उत्साही सेक्रेटरी मला कच्ची रेखाटनं आणून देतात, मी ती कॉम्प्युटरवर नीट काढून देते. जिने, खिडक्या, पाण्याच्या टाक्या. ठाण्यात पडून नव्या होणाऱ्या इमारतींपैकी बऱ्याचशा आधी माझ्या स्क्रीनवर उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यावर माझं नाव कुठेही नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आर्किटेक्टचं नाव मोठं, मालकाचं त्याहून मोठं, आणि 'काढणार' या रकान्यात माझी दोन अक्षरं, तीसुद्धा जागा उरली तर.

'लायसन्स' हा शब्द आमच्या धंद्यात बरीच वर्षं फक्त स्कूटरच्या संदर्भात वापरला जायचा. डिझाइनची सॉफ्टवेअरं एक गृहस्थ पेनड्राइव्हवर घेऊन यायचे आणि लहान मुलांना डोस पाजावा तसे एकेका कॉम्प्युटरला पाजून जायचे. मग एकदा त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीची मेल आली. भाषा इतकी सभ्य की वाचूनच घाम फुटला. आमच्या इमारतीतल्या चार ऑफिसांचे कॉम्प्युटर त्या दिवशी एकदम 'बिघडले'. विकतचं लायसन्स घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि दर पाच मिनिटांनी दाराकडे बघत जिने काढायची हिंमतही नव्हती. म्हणून मी ओपन सोर्सवाल्या प्रोग्रामकडे वळले. तो जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला होता, कुणीही घ्यावा असा, आणि त्याची मोडतोड करायलाही मुभा.

"फुकटचं ते पौष्टिक," नवरा म्हणाला. पहिला महिनाभर त्या पौष्टिकाने मला अजीर्ण झालं. सगळी बटणं भलत्याच जागी. साधी भिंत काढायला गेलं तर ती आडवी पडायची. मी त्याला मराठीत शिव्या दिल्या, त्याने मला इंग्रजीत चुका दाखवल्या, आणि हळूहळू आमचं जमलं.

त्यातच मला जिना सापडला. दूर देशातल्या कुणा गृहस्थाने जिना आपोआप काढणारा छोटासा जोडप्रोग्राम लिहून ठेवला होता. उंची सांगा, रुंदी सांगा, जिना तयार. पण त्या गृहस्थाच्या देशातले जिने सरळ वर जाणारे, सभ्य. आमच्याकडचा जिना कपाट मावणार नाही एवढ्या जागेत दोनदा वळतो, त्याच्या पोटात मीटरबॉक्स असतात, पाण्याचा पंप असतो आणि कुणाचीतरी कधीच न चालवलेली सायकल असते. मी व्हिडिओ बघून कोडिंग शिकले आणि त्याचा जिना वळवायला बसले. पहिला जिना वळून स्वतःच्याच पोटात शिरला. ते चित्र मी अजून जपून ठेवलंय. पण पुढे जमलं. वळणं आली, वळणावरच्या सपाट जागा म्हणजे लँडिंग आली, महापालिकेत फाइल परत येऊ नये म्हणून लागतात ती सगळी मापं आली, सळ्या किती लागतील तेही यायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी दोन दिवस दवाखान्यातल्या पेशंटांनासुद्धा जिना दाखवत होते.

मग मी तो इंटरनेटवर टाकला. टाकायचा तर मूळ जिन्याचंच लायसन्स लावावं लागणार होतं, म्हणून ते आधी वाचून काढलं. जीपीएल नावाचं ते लायसन्स. वाचायला कोर्टाच्या कागदापेक्षा अवघड नाही, आणि मतलब एवढाच की घ्या, वापरा, बदला, हवं तर पैसे घेऊन विका. पण ज्याला द्याल त्याला आतला कोडही द्या, आणि तुम्हाला मिळालेले सगळे हक्क त्यालाही द्या. स्वतः आत येऊन मागे दाराला कडी लावायची नाही. आणखी एक अट होती. आधीच्या लोकांची नावं पुसायची नाहीत.

ही अट वाचून मी थबकले. कारण आमच्या धंद्यात दुसऱ्याचं ड्रॉइंग हातात आलं की पहिलं काम म्हणजे त्याची कोपऱ्यातली चौकट पुसून आपली डकवायची. त्यात कुणाला लाज वाटत नाही. नवा भाडेकरू आला की दारावरची पाटी बदलतो, तसंच ते. इथे मात्र त्या गृहस्थाचं नाव फाइलच्या माथ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्याखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. एकाखाली एक, सातबाऱ्यावर असतात तशी.

सातबाऱ्यावरून माझं नाव केव्हाच गेलं होतं. आमचं माहेर आंबिवलीकडचं, इथलं मूळचं. आजोबांपर्यंत भातशेती, वडिलांपर्यंत भातशेती आणि कोर्ट, आणि भावाच्या काळात शेताला प्लॉट म्हणायला लागले. वडील गेल्यावर महिन्याभरात मला कल्याणला निबंधकांच्या ऑफिसात नेलं. तिथे अशा बहिणींची रांगच असते. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला 'प्रेमापोटी व स्वखुशीने' सोडून देते, असा तो कागद. प्रेम होतं. खुशीचं कुणी विचारलं नाही. सही झाली, अंगठा झाला, फोटो निघाला, मग हॉटेलात जेवण आणि घरी येऊन साडी. आमच्याकडे सही करणाऱ्या बहिणीला माहेर असतं, न करणारीला हिस्सा असतो. दोन्ही असलेली बाई मी पाहिलेली नाही. मला तेव्हा राग आला नाही. तो नंतर आला, आणि तिकडचा रस्ता जसजसा रुंद होत गेला तसतसा येत गेला.

तरी भावाशी माझं कधी वाकडं नव्हतं. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मनाने उदार, आवाजाने लाउडस्पीकर. आता बिल्डर झाला होता, शीळफाट्याजवळ त्याची कामं चालू होती आणि त्याचं निम्मं आयुष्य तिथल्या ट्रॅफिकमध्ये जात होतं. दर भाऊबीजेला न चुकता यायचा, ओवाळणी टाकून तीन माणसांचं जेवायचा. त्याच्याच एका इमारतीच्या कामात त्याने माझा जिना पाहिला. त्याची फाइल पहिल्या फेरीत पास झाली. असलं काही त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं.

एका दुपारी तो वकिलांना घेऊन माझ्या ऑफिसात आला. कल्याणचे वकील, सगळा जन्म जमिनीच्या कागदांत गेलेला. भाऊ खुर्चीत मावेना म्हणून टेबलावर टेकला.

"काय गो ताई, तुजा जिना मना दे."

"वापरतोयस की."

"वापराला नाय. मालकीला. आपल्या कंपनीचं नाव टाकून कल्याण-डोंबिवलीच्या सगल्या बिल्डरांना देतंव. तुला पन देईन ना काय हवं ते. घरातली गोष्ट घरात."

वकिलांनी कागद पुढे केला. तोच, चतुःसीमांचा. खाली लिहिलेलं, 'सदर जिना त्यातील झाडझाडोरा, दगडमाती, पाणी, पाषाण, निधी-निक्षेपासह.' म्हणजे माझ्या कोडमध्ये उद्या कुणाला पुरलेला हंडा सापडला तर तोही भावाचा. आणि शेवटी, 'प्रेमापोटी व स्वखुशीने.'

मी हसले. पण थेट नाही म्हणवेना. कारण नाही म्हटलं की काय होतं, ते मला पाठ होतं. मावशीने नाही म्हटलं होतं, तर तिला घरच्या लग्नाचं बोलावणं पोस्टाने आलं. पण मग एकदम सुचलं, आणि मी चक्क सुटल्यासारखी झाले.

"मला देताच येत नाही," मी म्हटलं. "तो माझ्या एकटीचा नाहीच."

"समाईक हाय?" भाऊ म्हणाला. "मंग त्या दुसऱ्याची पन सही घेऊ. ऱ्हातो कुठं?"

"परदेशात. मी त्याला पाहिलेलं नाही."

वकिलांनी पेन उघडलं. "हयात आहेत का? वारस किती?"

मी सांगितलं की त्याच्याखेरीज आणखीही लोक आहेत. एकाने माझी पायरीची चूक दुरुस्त केली होती, एकाने लोखंडी जिना जोडला होता, आणि पुढे आणखी कोण येईल ते मलाच ठाऊक नाही. लायसन्स काय म्हणतं ते जमेल तसं समजावलं. म्हटलं, शेतातून जाणारी वाट असते ना, शेत कुणीही विकत घेतलं तरी वाट सगळ्यांची, कुंपण घालता येत नाही. तसं.

वकिलांनी चष्मा काढला. "वाट नव्हे मॅडम. हे तर गुरचरण झालं. गुरचरणाचा व्यवहार होत नाही."

"गुरचरनं पन गेलीच ना लोकांनी खाऊन," भाऊ म्हणाला. वकील खोकले. माझ्या माहितीप्रमाणे ते त्या विषयातले तज्ज्ञ होते.

दोघं चहा पिऊन गेले. भाऊ रागावला नव्हता, नुसता चक्रावला होता. लायसन्सने माझ्या वतीने नाही म्हटलं होतं आणि माझं माहेर शाबूत होतं. त्या दिवशी मी त्या परदेशी गृहस्थाला मनातल्या मनात दीर्घायुष्य चिंतलं. संध्याकाळी कोपऱ्यावरून गरम जिलबी घेऊन घरी गेले.

जिलबी पचायच्या आत भाऊ पुन्हा आला. या वेळी एकटा. त्याने मुंबईतल्या दुसऱ्या वकीलबाईंना विचारलं होतं, आणि त्या बाईंना सॉफ्टवेअरला दक्षिणेकडून रस्ता लागत नाही हे माहीत होतं. त्यांनी सांगितलं ते तो पाठ करून आला होता. परक्यांनी लिहिलेला भाग आपला होणार नाही, तो काढून टाकायचा आणि कुणाकडून नव्याने लिहून घ्यायचा. पण वळणं, लँडिंग, सळ्या, महापालिकेची मापं हे सगळं ताईने स्वतः लिहिलंय. ते तिचं आहे, आणि ते ती कुणालाही लिहून देऊ शकते. आजवर जे लोकांनी घेतलं ते परत मागता येणार नाही. पण ताईने यापुढे काही उघड्यावर टाकायचं नाही, नवं सगळं आपल्या कंपनीत.

"म्हंजे सही चालते तुजी," भाऊ म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

त्या बाई बरोबर होत्या. मला ते पहिल्यापासून माहीत होतं की काय, कोण जाणे. लायसन्स दुसऱ्याच्या कोडची राखण करत होतं. माझ्या भागाचं काय करायचं ते माझं मलाच सांगावं लागणार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तसं काहीतरी माझ्याकडे होतं.

"मला नाही द्यायचं," मी म्हटलं.

खालच्या दवाखान्यात कुणाचं तरी पोर इंजेक्शनच्या भीतीने किंचाळत होतं. त्याच्यावर आवाज चढवून भाऊ म्हणाला,

"कोन कुठला तो गोरा, त्याला देतंस. आन भावाला नाय?"

"तुलाही देते ना. आत्ता घे. सगळाच्या सगळा घे, कोडसकट. बदल, तुझ्या बिल्डरांना वीकसुद्धा. फक्त बाकीच्यांना अडवायचं नाही, आणि माझं नाव पुसायचं नाही."

"मंग मना वेगलं काय मिललं?"

"काही नाही. सगळ्यांना जेवढं, तेवढं तुला."

"सगल्यांएवढंच?"

"सगळ्यांएवढंच."

हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी खणखणीत दोन शब्द सुनवावेसेही वाटले. दोन्ही केलं नाही. चहा आला तोवर तो जिना उतरून गेला होता. त्याचा कप मीच प्यायले, कारण चहा टाकायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्यानंतर फोन नाही. गणपतीला मी गेले तर वहिनी गोड बोलली, भाऊ 'साइटवर' होता. दसऱ्याला मी मेसेज टाकला, त्यावर निळ्या खुणा आल्या आणि तेवढंच. नवरा म्हणाला, "एक जिना तो, देऊन टाकायचा होतास." मी म्हटलं, "तू तुझी स्कूटर देऊन टाक." त्याने स्कूटरची किल्ली खिशात टाकली, पण मला रात्री झोप लागत नव्हती हे त्यालाही दिसत होतं.

भाऊबीजेला मी सगळं केलं. त्याला आवडतं म्हणून वालाचं बिरडं केलं, ताटाभोवती रांगोळी काढली, निरांजन लावलं. चारला नवरा हळूच म्हणाला, जेवून घेऊ या का. आम्ही जेवलो. बिरडं छान झालं होतं. मी रडले, आणि रडताना स्वतःवर चिडले, कारण जमीन सोडताना रडले नव्हते आणि आता एका प्रोग्रामसाठी रडत होते. मग लक्षात आलं की प्रोग्राम माझ्याचकडे आहे. रडू भावाचं येत होतं.

तरी मी कागद मागवून सही केली नाही. एकदा नाही, दोनदा तसं मनात आलं. दोन्ही वेळा फाइल उघडली, माथ्यावरची ती दोन नावं पाहिली आणि बंद केली.

जिन्याचं जे पान इंटरनेटवर आहे, तिथे लोकांनी तक्रारी लिहायची सोय असते. कुणीही लिहावं, सगळ्यांना दिसतं. तुळशीचं लग्न उरकल्यावर एका सकाळी ऑफिसात येऊन मी ते पान उघडलं. एक नवी तक्रार होती. इंग्रजी अक्षरांत, पण भाषा आमची.

'ताई दुसऱ्या लँडिंगनंतर एक पायरी जास्त येते. साइटवर मिस्त्री बोंबलतो. बघ ना.'

खाली नाव भावाचं. म्हणजे पठ्ठ्याने सगळ्यांसारखाच घेतला होता, सगळ्यांसारखाच वापरत होता. फोन करायचा नाही म्हणून अख्ख्या जगासमोर येऊन माझ्याशी बोलला होता.

त्याखाली कुठल्याशा देशातल्या एका सज्जनाने मशीनकडून भाषांतर करून घेऊन इंग्रजीत विचारलं होतं की चूक समजली, पण 'ताई' हा जिन्याचा नेमका कुठला भाग? ती पायरीच्या वर येते की खाली?

आणि त्याखाली भावाचं उत्तर, त्याच्या खास इंग्रजीत. 'ताई इज नॉट पार्ट. ताई इज ओनर.'

मी ते किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही. खालून दवाखान्यातल्या बाई काहीतरी विचारायला वर आल्या आणि माझा चेहरा बघून तशाच परत गेल्या.

लायसन्सच्या दृष्टीने ते साफ चूक आहे. त्या जिन्याला ओनर नाही, निदान एकटी मी तर नाहीच, हे मी त्यालाच दोनदा समजावलं होतं. तिथे लगेच खाली लिहून दुरुस्त करायला हवं होतं, तशी पद्धत आहे. मी पायरी दुरुस्त केली. ते वाक्य राहू दिलं.